हातात छत्री, अंगात काळा स्कर्ट अन पुढं वाटाडे... गॅबॉनचं जंगल पायी पार करणारी मेरी किंग्सली

जुलै १८९५. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅबॉनचं घनदाट जंगल. आठ-दहा माणसांची एक रांग झाडीतून चाललीये. सगळे आफ्रिकन पुरुष, आणि त्यांच्यात एकच गोरी बाई. अंगात पायघोळ, जाडजूड काळा लोकरी स्कर्ट, गळ्यापर्यंत बंद ब्लाऊज, डोक्यावर हॅट. लंडनमध्ये कुणाकडं चहाला निघाल्यासारखा सगळा थाट.

पुढची पायवाट झुडपांच्या पलीकडं दिसतेय असं वाटून ही बाई वाटाड्यांची वाट सोडते आणि शॉर्टकट घेते. पुढच्या क्षणाला ती जमिनीवरून गायब.

जनावरं पकडायला खणलेला सुमारे १५ फूट खोल खड्डा होता तो. वर पालापाचोळा अंथरलेला आणि तळाशी फूटभर लांबीचे टोकदार खुंटे रोवलेले. बाई थेट त्या खुंट्यांवर जाऊन बसली. पण त्या जाड स्कर्टचा घोळ मध्ये आला आणि खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. बरोबरच्या माणसांनी वेलींचा दोर सोडला, तिला वर ओढलं आणि रांग पुन्हा चालायला लागली.

या बाईचं नाव मेरी किंग्सली. पुढं ब्रिटनमध्ये तिचं पुस्तक हातोहात खपलं, तिच्या भाषणांना सभागृहं भरली, आणि वसाहतींचा कारभार बघणाऱ्या मंत्र्याला तिच्या पत्रांची दखल घ्यावी लागली. पण या जंगलप्रवासाच्या तीनच वर्षं आधी ही बाई घरात आजारी आईचं अंथरूण बदलत होती. जंगलाचा आणि तिचा संबंध फक्त पुस्तकात वाचण्यापुरता होता.

मेरीचा जन्म १३ ऑक्टोबर १८६२ चा, लंडनमधला. वडील जॉर्ज किंग्सली डॉक्टर होते. काका चार्ल्स किंग्सली म्हणजे त्या काळचे गाजलेले लेखक. आई मेरी बेली जॉर्ज यांच्याकडं घरकामाला होती. या दोघांनी लग्न केलं ते मेरीच्या जन्माच्या अवघ्या चार दिवस आधी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट साधी नव्हती. घराण्यातल्या बाकीच्यांनी या सूनबाईंना फारसं जवळ केलं नाही आणि मेरीचं बालपण बंद दारामागं गेलं.

वडील मात्र घरात कमी आणि बाहेर जास्त. ते बड्या लॉर्ड लोकांचे खासगी डॉक्टर म्हणून जगभर हिंडायचे. कधी पॅसिफिकमधली बेटं, कधी अमेरिकेतली माळरानं. १८७६ मध्ये त्यांनी जनरल कस्टरच्या फौजेबरोबर जाण्याचा बेत आखला होता. तीच फौज लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मूळच्या अमेरिकन टोळ्यांनी कापून काढली. खराब हवामानामुळं जॉर्ज यांचं जाणं राहून गेलं होतं, पण हे घरच्यांना कळेपर्यंत आईचा जीव टांगणीला लागलेला. अशा घरात आईची तब्येत आणखी ढासळत गेली आणि सगळं घर मेरीवर येऊन पडलं.

मेरीला शाळेत घातलंच नाही. धाकटा भाऊ चार्ली केंब्रिजला कायदा शिकला, त्याच्यावर पैसा पाण्यासारखा खर्च झाला. मेरीच्या शिक्षणावर झालेला खर्च किती? तर जर्मनची शिकवणी, तेवढीच. तीही कशासाठी, तर वडिलांना जगभरातल्या जमातींच्या चालीरीतींवर लिहायचं होतं आणि त्यासाठी जर्मन ग्रंथांतून टिपणं काढून देणारं कुणीतरी हवं होतं.

पण घरात वडिलांचं ग्रंथालय होतं. मेरीनं ते पालथं घातलं. प्रवासवर्णनं, रसायनशास्त्र, चाच्यांच्या गोष्टी, जे हाताला लागेल ते. यंत्रांवरचं एक मासिक घरी यायचं, ते वाचून ती नळदुरुस्ती शिकली.

१८९२ साल उजाडलं. फेब्रुवारीत वडील गेले, एप्रिलमध्ये आई गेली. मेरीचं वय २९. लग्न झालेलं नाही, शिक्षण नाही, नोकरीचा प्रश्नच नाही. आता तिनं भावाचं घर सांभाळावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती आणि ती तिनं शेवटपर्यंत पाळलीही. चार्ली घरी असला की मेरी घरी. चार्ली परदेशी गेला की मेरी मोकळी. तिचे आफ्रिकेचे दोन्ही प्रवास या अशा सुट्टीत बसवलेले आहेत.

आधी कॅनरी बेटांची एक सहल झाली. तिथं पश्चिम आफ्रिकेतून येणारे-जाणारे व्यापारी भेटले आणि तिनं ठरवून टाकलं. बाहेर सांगायला कारण तयार होतं. वडिलांचं पुस्तक अर्धवट राहिलंय, त्यासाठी तिथल्या लोकांच्या धर्मसमजुतींची माहिती गोळा करायची. शिवाय म्युझियमसाठी मासे.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला तेव्हा गोऱ्यांचं कब्रस्तान म्हणायचे. मलेरिया आणि पीतज्वरानं माणसं पटापट मरायची. बोटीची कंपनी तिकडचं परतीचं तिकीटच देत नाही, हे तिला तिकीट काढताना समजलं. ऑगस्ट १८९३ मध्ये ती एका मालवाहू जहाजातून निघाली. सिएरा लिओनपासून खाली अंगोलातल्या लुआंडापर्यंत गेली, मग टप्प्याटप्प्यानं वर सरकली आणि १८९४ च्या सुरुवातीला घरी परतली. या फेरीत ती जे शिकली त्याच्याच जोरावर खरा प्रवास झाला.

आता प्रश्न असा की एकटी बाई, जवळ पैसा बेताचा, सैन्य नाही, सरकारी हुकूम नाही, मग जंगलात शिरणार कशी?

त्या काळात गोरा माणूस आफ्रिकेच्या आत जायचा त्याचे ठरलेले प्रकार होते. एक म्हणजे स्टॅन्लीसारखा, शेकडो हमाल आणि बंदुकधारी घेऊन, वाटेत गोळीबार करत. दुसरा मिशनरी, तो बायबल घेऊन जायचा. तिसरा सरकारी अधिकारी, तो झेंडा घेऊन. मेरीनं चौथा मार्ग धरला. ती व्यापारी म्हणून गेली.

ही युक्ती नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. किनाऱ्यावर इंग्रज आणि जर्मन पेढ्यांच्या वखारी होत्या. तिथून कापड, तंबाखू, मीठ, मासे पकडायचे गळ, बंदुका असा माल उधारीवर आफ्रिकन व्यापाऱ्यांना दिला जायचा. ते नदीतून आत जायचे आणि बदल्यात रबर, हस्तिदंत घेऊन यायचे. वाटेतल्या गावागावांत ओळखी, उधाऱ्या आणि देणी-घेणी. म्हणजे नकाशावर जिथं पांढरा कागद होता तिथं प्रत्यक्षात हिशेबाच्या वह्यांचं जाळं पसरलेलं होतं. गावात गोरा माणूस आला की लोकांना संशय यायचा, हा नेमका कशाला आलाय? पण माल घेऊन आला असेल तर कारण उघड असायचं, बोलायला विषय असायचा. आणि व्यापारी पुन्हा परत यायला हवा म्हणून त्याला जिवंत ठेवण्यात गावाचाही फायदा असायचा.

मेरीनं कापड, तंबाखू आणि गळ घेतले आणि ती या जाळ्याचा भाग झाली. पुढं एकदा माल संपत आला तेव्हा तिनं स्वतःचे पांढरे ब्लाऊजसुद्धा विकले. जंगलातल्या पुरुषांमध्ये म्हणे त्यांना चांगली मागणी होती.

डिसेंबर १८९४ मध्ये ती पुन्हा निघाली. यावेळी ब्रिटिश म्युझियमचे प्राणिशास्त्र विभागप्रमुख डॉ. आल्बर्ट गुंथर यांनी तिला मासे जतन करायचं साहित्य दिलं होतं. सुरुवातीचे काही महिने आताच्या नायजेरियातल्या कालाबारमध्ये गेले. मग मे महिन्यात ती गॅबॉनला उतरली. तेव्हा हा भाग फ्रेंच काँगो म्हणून ओळखला जायचा.

गॅबॉन बरोबर विषुववृत्तावर येतं. देशाचा बहुतेक सगळा भाग आजही वर्षावनानं झाकलेला आहे. मधून ओगोवे ही मोठी नदी वाहते. मेरी बोटीनं नदीतून वर लांबारेनेला गेली आणि तिथल्या फ्रेंच मिशनमध्ये उतरली. याच लांबारेनेत १९१३ साली अल्बर्ट श्वाइट्झर आले आणि त्यांनी जगप्रसिद्ध दवाखाना काढला, पण ते पुढं.

वर न्जोलेजवळ नदीला भयंकर धबाबे लागतात. तिथं होडीनं जायचं तर फ्रेंच अधिकाऱ्याची परवानगी हवी. साहेबांनी आक्षेप काढला की आधी इथं आलेली बाई नवऱ्याबरोबर होती, तुमच्याबरोबर नवरा नाही. मेरीनं त्याला ऐकवलं की प्रवासाला काय काय न्यावं याच्या सगळ्या याद्या मी वाचल्यात, त्यात नवरा हा जिन्नस कुठंच नाही. अखेर ती गेलीच. होडी वारंवार खडकांवर आपटली, आत पाणी शिरलं, पण तिच्या गालवा नावाड्यांनी ती वर नेली आणि खाली आणली.

हा नवऱ्याचा प्रश्न तिला आफ्रिकन गावांतही सतत विचारला जायचा. नवरा नाही असं खरं सांगितलं की चौकशा वाढतात, हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं एक उत्तर ठरवून टाकलं. नवऱ्यालाच शोधायला निघालेय म्हणायचं आणि आपल्याला ज्या दिशेला जायचंय तिकडं बोट दाखवायचं. लोक हळहळायचे आणि वाट दाखवायचे.

आता मुख्य चाल. ओगोवेच्या उत्तरेला रेंब्वे नावाची दुसरी नदी आहे. दोन्हींच्या मधला टापू फँग जमातीचा. फँग लोक आतल्या भागातून किनाऱ्याकडं सरकत होते. लढवय्ये, शिकारीत पटाईत आणि नरभक्षक म्हणून किनाऱ्यावर बदनाम. या पट्ट्यातून चालत रेंब्वे गाठायची असं मेरीनं ठरवलं. लांबारेनेतून निघाली तारीख होती २२ जुलै १८९५.

तिच्याबरोबर चार अजुंबा माणसं आणि न्गूटा नावाचा दुभाषा होता. अजुंबांची खरी नावं तिच्या पुस्तकात नाहीत. तिनं त्यांना ग्रे शर्ट, सिंगलेट, सायलेन्स आणि पेगन अशी टोपणनावं ठेवली. एकाच्या अंगातला करडा शर्ट, दुसऱ्याची बनियन, तिसऱ्याचं न बोलणं, असा सगळा प्रकार. तिचं कौतुक करतानाही ही गोष्ट खटकते. ज्यांच्या भरवशावर जीव टाकला त्यांची नावं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या.

आणि या चौघांसाठी हा प्रवास तिच्यापेक्षा जास्त धोक्याचा होता. अजुंबा आणि फँग यांचं वैर होतं. गोऱ्या बाईला काही झालं असतं तर फ्रेंचांची गनबोट आली असती. अजुंबा माणसाला काही झालं तर कोण येणार होतं?

होडीतून एक सरोवर पार करून ते फँगांच्या पहिल्या गावाला लागले तेव्हा किनाऱ्यावर सुरे आणि बंदुका घेतलेली माणसं धावत आली. कुणी काही बोलेना. काही क्षण असे गेले की काहीही घडलं असतं. मग गर्दीतले एक-दोन चेहरे ओळखीचे निघाले. अजुंबांनी कधीकाळी त्यांच्याशी रबराचा, हस्तिदंताचा व्यवहार केला होता. तेवढ्या एका ओळखीवर सगळ्यांचे जीव वाचले. त्याच गावातले विकी, किवा आणि फिका हे फँग पुढच्या वाटेसाठी बरोबर घेतले गेले. मजुरी मुक्कामाला पोचल्यावर, रेंब्वेवरच्या इंग्रज पेढीच्या वखारीतून मालाच्या रूपात. म्हणजे बाई जिवंत पोचली तरच पैसे.

वर्षावनात चालणं म्हणजे काय, हे सिनेमात बघून कळत नाही. वर झाडांचं छप्पर इतकं दाट की भरदुपारी खाली संध्याकाळसारखा उजेड. पायाखाली उघडी पडलेली मुळं. वादळात उन्मळलेल्या प्रचंड झाडांचे खच, त्यांच्यावरून चढून जायचं आणि मध्येच पाय निसटला तर कुजलेल्या लाकडात कमरेपर्यंत रुतायचं. फँग लोकांचा वेग जबरदस्त. ते तासन् तास न बोलता पळाल्यासारखे चालायचे, मग मध्येच बसून खायचे आणि चिलीम ओढायचे. त्या बसण्याच्या वेळात मागं राहिलेली मेरी त्यांना गाठायची. हळूहळू तिलाही तो वेग जमला. माग ओळखणं, झाडाची साल वाचणं, काळोखात पायाखालचं जाणवणं हे सगळं विकी आणि मंडळींचं काम होतं आणि ती त्यांच्याकडून शिकत होती.

एकदा विकीनं तिला हातानं थांबवलं. समोर गोरिला. एक म्हातारा नर, एक तरुण नर आणि तीन माद्या, केळीची झाडं मोडून खात बसलेले. दोघं झुडपात श्वास रोखून पडून राहिले. मेरीला ते रूप भीषण वाटलं, पण त्या अवाढव्य जनावरांची झाडावरून झाडावर जाण्याची सफाई बघून ती थक्क झाली. हे सगळं छान चाललेलं असताना विकीला शिंक आली आणि गोरिला पसार.

एफुआ नावाच्या गावात तिला मुखियाची झोपडी दिली गेली. रात्री कसला तरी घाण वास येऊ लागला. शोधता शोधता छताला टांगलेल्या पिशव्या सापडल्या. एक पिशवी तिनं आपल्या हॅटमध्ये उपडी केली, काही महत्त्वाचं असलं तर हरवू नये म्हणून. आत होता माणसाचा एक हात, पायाचे तीन अंगठे, चार डोळे, दोन कान आणि असेच आणखी तुकडे. तिनं सगळं मोजलं, जसंच्या तसं परत भरलं, पिशवी जागेवर टांगली आणि भिंतीची एक फट मोठी करून हवा घेतली.

हा प्रसंग ब्रिटनमध्ये भलताच गाजला आणि फँग म्हणजे नरभक्षक हे समीकरण पक्कं झालं. मेरीनं स्वतःही फँगांच्या माणूस खाण्याबद्दल मोकळेपणानं, जरा जास्तच मोकळेपणानं, लिहिलंय. मात्र या लोकांत ब्येरी नावाची एक पद्धत होती. घराण्यातल्या थोर पूर्वजांच्या कवट्या आणि हाडं सालीच्या डब्यात जपून ठेवायची आणि त्यावर राखण करणारी लाकडी मूर्ती बसवायची. याच मूर्ती पुढं पॅरिसमध्ये पोचल्या आणि विसाव्या शतकातल्या चित्रकारांना त्यांनी वेड लावलं. मेलेल्या माणसाचा अंश घरात ठेवणं याचा अर्थ दरवेळी त्याला खाल्लं असाच होत नाही, हे लंडनच्या वाचकाला तेव्हा सांगायला कुणी नव्हतं.

पुढचं गाव एगाजा. हे आजूबाजूच्या फँगांतही वाईट म्हणून प्रसिद्ध. इथल्या मुखियाची आई हात सडून बेजार झाली होती. मेरीनं गळू कापून, धुऊन मलमपट्टी केली. डॉक्टरची मुलगी आणि आईची वर्षानुवर्षं शुश्रूषा केलेली, त्यामुळं हे काम तिच्या हातातलं होतं.

पण त्याच गावात दुसरं लचांड उभं राहिलं. तिच्याबरोबरच्या किवाला एका गावकऱ्यानं ओळखलं. किवाकडं त्याची जुनी उधारी होती. लगेच किवाला दोरानं बांधलं आणि वसुली म्हणून त्याला खायचं ठरलं, असं मेरीच्या कानावर आलं. इथं ती बंदूक काढून उभी राहिली नाही. ती हिशेबाला बसली. नेमकं देणं किती, कुणाचं, कधीचं यावर लांबलचक घासाघीस झाली, देणं चुकतं करण्यात आलं आणि किवा सुटला. जंगलातलं संकट शेवटी निघालं ते उधारीचं.

शेवटचा टप्पा दलदलीचा. रेंब्वे जवळ आली तशी खारफुटी सुरू झाली. काळं, कुजकं, वास मारणारं पाणी. एकेकजण चाचपडत पुढं जायचा आणि मागच्यांना खोली कळायची. मेरीच्या हनुवटीपर्यंत पाणी आलं. दोन तासांहून जास्त वेळ हे चाललं. बाहेर आले तेव्हा प्रत्येकाच्या गळ्याभोवती जळवांची माळ. व्यापारासाठी आणलेलं मीठ चोळून त्या सोडवल्या. रक्त गेल्यामुळं सगळ्यांचेच पाय लटपटत होते.

अखेर अगोंजो इथल्या पेढीच्या वखारीत रांग पोचली. वखारीचा कारभारी सांगा ग्लास हा आफ्रिकनच होता. त्यानं माल काढून दिला, मेरीनं सगळ्यांची मजुरी भागवली. विकी, किवा वगैरे मंडळी आपल्या वाटेनं परत गेली. मेरी पुढं ओबांजो नावाच्या एका नमुनेदार व्यापाऱ्याच्या होडीतून नदीच्या मुखाकडं गेली. हा स्वतःला कॅप्टन जॉन्सन म्हणवून घ्यायचा. त्यानं रात्री सुकाणू तिच्या हातात दिलं आणि खुशाल झोपून गेला. चांदण्यात रेंब्वेवर होडी हाकण्याच्या त्या रात्री तिच्या आफ्रिकेतल्या दिवसांमधल्या सगळ्यात सुखाच्या होत्या असं तिनं नोंदवलंय.

सप्टेंबरमध्ये तिनं माउंट कॅमेरून हा १३ हजार फुटांहून उंच ज्वालामुखी चढला. बरोबरची माणसं थंडी-पावसानं एकेक करून गळाली आणि माथ्यावर ती एकटीच पोचली. धुक्यामुळं काहीही दिसलं नाही. तिनं आपलं व्हिजिटिंग कार्ड तिथं ठेवलं आणि खाली उतरली. तो शिखर गाठणारी ती पहिली युरोपियन बाई मानली जाते.

नोव्हेंबर १८९५ अखेर लिव्हरपूलला उतरली तेव्हा पत्रकार वाट बघत होते. बरोबर आणलेल्या माशांच्या बरण्यांनी डॉ. गुंथर खूश झाले. त्यातल्या तीन माशांच्या जातींना तिचं नाव दिलं गेलं आणि शास्त्रीय नावांत ते किंग्सलेये असं आजही लिहिलं जातं. जानेवारी १८९७ मध्ये तिचं प्रवासवर्णन आलं. ७०० पानांच्या आसपासचं हे बाड विनोदानं ठासून भरलेलं होतं आणि विनोद बहुतेक वेळा स्वतःवरच. छापायच्या आधी एका केंब्रिजच्या विद्वानानं तिची भाषा सुधारायचा प्रयत्न केला, तर तिनं भांडून आपली भाषा परत घेतली. पुस्तक तुफान चाललं.

पण इथून पुढची मेरी गोंधळात टाकते. वर्तमानपत्रांनी तिला नव्या जमान्याची स्त्री ठरवलं, तर ती भडकली. बायकांनी मतदानाचा हक्क मागू नये, भूगोलाच्या सभासंस्थांत शिरू नये, असं ती जाहीरपणे म्हणायची. आफ्रिकेत आपण पँट घातली होती असं कुणी छापलं की खुलासा पाठवायची. लंडनमध्ये भाऊ आला की ती पुन्हा घरकामाला जुंपायची.

राजकारणातही तसंच. साम्राज्य नको असं तिचं म्हणणं कधीच नव्हतं. ते अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी नव्हे, व्यापाऱ्यांनी चालवावं असं तिला वाटायचं. लिव्हरपूलचे व्यापारी तिचे दोस्त होते आणि त्यांच्या दारूच्या व्यापाराचीही तिनं तळी उचलली. आफ्रिकन माणूस गोऱ्यापेक्षा मागासलेला नाही, पण मुळातच वेगळा आहे, असा तिचा सिद्धांत होता. तो आज वाचताना अंगावर येतो. पण त्याच सिद्धांतातून तिनं काढलेला निष्कर्ष त्या काळात कुणी काढत नव्हतं. त्यांचा कायदा, त्यांची लग्नपद्धत, त्यांचा धर्म याला स्वतःचा अर्थ आहे, तो आधी समजून घ्या आणि मगच हात लावा, असं ती सांगत होती.

याची कसोटी लागली १८९८ मध्ये. सिएरा लिओनमध्ये इंग्रज सरकारनं झोपडीपट्टी कर लावला. म्हणजे प्रत्येक झोपडीमागं कर. आपण घरपट्टी भरतो, त्यात विशेष काय असं वाटेल. मेरीनं समजावलं ते असं की तिथल्या लोकांच्या कायद्यानुसार एखाद्या वस्तूसाठी दुसऱ्याला नियमित पैसे देणं म्हणजे ती वस्तू आपली नाही असं कबूल करणं. स्वतःच्या घरावर कर म्हणजे घरच काढून घेतलं. उठाव पेटला, तेम्ने प्रमुख बाई बुरे (हा पुरुष, बाई ही तिथली पदवी) इंग्रजांशी महिनोन् महिने लढला, शेकडो लोक मेले. लंडनमध्ये कुणी याला रानटीपणा म्हणत होतं. मेरी वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेनला पत्रं लिहीत राहिली, लेख लिहीत राहिली. चौकशीला नेमलेल्या सर डेव्हिड चामर्स यांनीही कर रद्द करा असंच सुचवलं. चेंबरलेननं कर ठेवला.

१८९९ मध्ये तिचं दुसरं मोठं पुस्तक आलं. तिसऱ्यांदा पश्चिम आफ्रिकेला जाण्याची तिची धडपड चालूच होती, पण दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. मार्च १९०० मध्ये ती केपटाऊनला निघाली आणि नर्स म्हणून सेवा द्यायची तयारी दाखवली. तिला पाठवण्यात आलं सायमन्स टाऊनला, बोअर कैद्यांच्या इस्पितळात. शत्रूच्या आजारी सैनिकांना टायफॉइडनं घेरलं होतं. (याच युद्धातले बोअर कैदी पुढं थेट आपल्या अहमदनगरच्या छावणीपर्यंत आणले गेले.) इस्पितळात माणसं किड्यांसारखी मरत होती, कर्मचारी मोजके. मेरी दिवसरात्र राबली. मुंबईत जन्मलेला लेखक रडयार्ड किपलिंग तिच्या ओळखीतला, तोही त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत होता.

दोन महिन्यांच्या आत तिलाच टायफॉइड झाला. आपण वाचत नाही हे कळल्यावर तिनं बरोबरच्यांना सांगितलं की मला एकटीला राहू द्या, जनावरं एकांतात मरतात तसं मला मरायचंय. ३ जून १९०० ला ती गेली. वय ३७.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये तिच्या आठवणीत आफ्रिकन सोसायटी स्थापन झाली. ती रॉयल आफ्रिकन सोसायटी या नावानं आजही चालू आहे. आणि गॅबॉननं २००२ साली एका झटक्यात १३ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली. तिथं पायी फिरायला जाणाऱ्यांना आजही पुढं स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो.

मेरीची एक शेवटची इच्छा होती, समुद्रात दफन व्हावं. आयुष्यभर कसलाही मान न घेतलेल्या बाईची शवपेटी तोफेच्या गाड्यावरून बंदरात नेण्यात आली, सैनिकी इतमामात बोटीवर चढवली आणि केपच्या टोकाबाहेर खोल पाण्यात सोडली. पण पेटी बुडेना. ती लाटांवर डुलत राहिली. शेवटी खलाशांना एक होडी खाली उतरवावी लागली, पेटी पकडून आणावी लागली आणि तिला नांगर बांधून पुन्हा सोडावी लागली. तेव्हा कुठं ती खाली गेली.